पन्नासची लेन्स

कासारवाडी,
दि. १४ जानेवारी २०२४

ती. उद्धवमामा यांस,
समाधानचा सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आई म्हणाली की पूर्वीसारखं कागदावर लिही. आईचे गुडघे तसेच आहेत. मिनलला पिंपरीत औषधांच्या दुकानात काम लागलं. तुमचा स्टुडिओ होता त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथून जाताना माझी मान अजून आपोआप वर होते, पाटी शोधायला.

विचारायचं ते असं. चाकणच्या कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसवर काम चालू आहेच, पण सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढतो ते काम आता वाढलंय. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सला बुरशी धरली. नवी एकच घेता येईल. झूम घेतली तर उभ्या जागेवरून रिंग फिरवायची, सगळा हॉलही येतो आणि नवरीचे डोळेही. पन्नास एमएमची, झूम नसलेली प्राइम घेतली तर जवळ-लांब करायला आपणच चालायचं. पण अंधाऱ्या हॉलमध्ये ती फ्लॅशशिवाय जो फोटो देते, तो झूम देत नाही. माझं मन झूमवर आहे. पुढच्या वर्षी कंपनी सोडून हेच करावं म्हणतो. तुम्ही सांगाल ती घेईन.

मामींना जयभीम. भाच्यावरची माया आटू देऊ नका.

तुमचा,
समाधान


उदगीर,
दि. २ फेब्रुवारी २०२४

चि. समाधान यास,
मामाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. तरी दोनदा वाचलं. मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती म्हणाली की भाच्याचं लग्न कधी ते त्यात कुठंच नाही.

लेकरा, यात विचारण्यासारखं काय आहे? झूम घे. मी उभी हयात एकाच लेन्सवर काढली हे खरं, पण माझं गिऱ्हाईक स्टुलावर बसून माझ्याकडं बघायचं. लग्नातलं माणूस तुझ्याकडं बघत नसतं. पुष्पहार घालायची वेळ आली की दोन्हीकडची मंडळी एकदम पुढं घुसतात. तिथं पन्नासची घेऊन मागं सरकत गेलास तर स्टेजवरून खाली पडशील आणि तुझाच फोटो दुसरा कुणी काढील.

डाव्या हाताला रिंगची सवय लाव. न बघता फिरली पाहिजे. उजवा हात नुसता बटण दाबतो, खरा धंदा डावा करतो.

कस्तुराला म्हणावं, गुडघ्यांना तीळतेल लाव. आणि पत्र टाकत जा, आम्हा दोघांना इथं दुसरी करमणूक नाही.

तुझा,
उद्धवमामा


कासारवाडी,
दि. ५ मे २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम.

उत्तराला उशीर झाला. झूम घ्यायचं रद्द केलंय. पन्नासचीच घेतो. ती हलकी असते. झूम जड पडते, दिवसभर गळ्यात बाळगून मान दुखते. शिवाय पन्नासच्यात उजेड जास्त येतो, ते मी मागे लिहिलंच होतं.

कंपनीत सध्या जात नाही, सुट्टीवर आहे. आई बरी आहे. तुम्ही यायचं म्हणत होता असं आई म्हणाली, पण ऊन फार आहे, एवढ्यात येऊ नका.

मामींना नमस्कार सांगा. राग नसावा.

समाधान


उदगीर,
दि. १६ मे २०२४

चि. समाधानास आशीर्वाद.

तुझी मान दुखते हे मला पटत नाही. दिवसभर लोखंडाचे पत्रे उचलणाऱ्याला लेन्स जड होते का? प्रेसवाल्याला लग्नसराईत एवढी लांब सुट्टी कोणती कंपनी देते? आणि अक्षरावरून चिडवलं तरी तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही, हे तर मला मुळीच आवडलेलं नाही.

काय झालंय ते लिही. तू लिहिणार नसलास तर मिनलनं लिहावं. तिला माझी शपथ आहे म्हणून सांग.

वाट बघणारा,
मामा


कासारवाडी,
दि. २४ मे २०२४

ती. मामांना,
मिनलचा सविनय जयभीम.

तुमचं पत्र दादाने वाचलं आणि माझ्यापुढे ठेवून बाहेर गेला. म्हणून मी लिहिते. मन घट्ट करून वाचा.

मार्चमध्ये दादाचा डावा हात प्रेसखाली आला. चारही बोटं गेली, अंगठा राहिला. मशीनला सेन्सर असतो, हात आत असेल तर प्रेस खाली येत नाही. माल भराभर निघावा म्हणून कंपनीने तो बंद करून ठेवला होता. शेजारच्या प्रेसवरच्या अफताबभाईंनी धावत येऊन मशीन थांबवलं आणि टेम्पोत घालून दादाला पिंपरीच्या दवाखान्यात आणलं. शुद्धीवर आल्यावर दादा आईला म्हणाला की उजवा आहे ना, मग बटण दाबता येईल.

घरी आल्यावर त्याने मित्राची झूम मागून आणली. तळहाताने कॅमेऱ्याला खालून टेकू देता येतो, पण अंगठ्याने रिंग फिरत नाही. तो फिरवत राहिला. टाके उसवले, लेन्सला रक्त लागलं. ती पुसून परत देऊन आला आणि मग तुम्हाला पन्नासचं लिहायला बसला.

आता कंपनीवाले म्हणतात की चूक त्याचीच. चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत. सेन्सर चालू होता असं दादाने सांगितलं, तर त्याला गेटवर वॉचमनचं काम देतील. नाही सांगितलं तर काहीच नाही. आई म्हणते, ते म्हणतात तसं सांगून मोकळा हो. दादाचं ठरत नाही. तुमचं तो ऐकेल.

तुम्ही जपा. आमच्यावर लोभ ठेवा.

तुमची भाची,
मिनल


उदगीर,
दि. २ जून २०२४

चि. समाधान,

डाव्या हाताचं मी तुला काय लिहिलं होतं ते आठवून आठवून जेवण जाईना. तुला ते पत्र त्या अवस्थेत परत वाचावं लागलं असेल. फाडून टाक ते.

डोळ्याचं ऑपरेशन परवावर आलंय, म्हणून येता येत नाही. मामी रडतीय, तिला यष्टीत बसवून पाठवतो.

पन्नासची घे. कॅमेरा मनगटावर टेकव, कोपर बरगडीला लाव, श्वास सोडताना बटण दाब. हात हलणार नाही. लग्नं मिळतील का, ते मी सांगू शकत नाही.

साहेबांना काय सांगावं हे मिनलनं विचारलंय, तर लेन्सचं मी तडक सांगून टाकलं होतं, याचं मला सांगता येत नाही. कस्तुरा म्हणते तेही खोटं नाही, घर चालायला हवं. तू जे सांगशील ते ऐकून घ्यायला मात्र आम्ही आहोत, एवढं धरून चाल.

मामा


कासारवाडी,
दि. ८ डिसेंबर २०२४

ती. मामा व मामींस,
सविनय जयभीम.

मामी येऊन गेल्या तेव्हापासून मी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. आजही नाही, पण लिहितो.

साहेबांना मी खरं सांगितलं. गेटचं काम गेलं. साहेबांनी अफताबला विचारलं तेव्हा तो म्हणाला की मी काही बघितलं नाही. मी त्याला दोष दिला नाही, त्याच्या बायकोला, सादिकाभाभीला नुकतंच बाळ झालं होतं. चौकशी तिथेच अडकली. लग्नाला कुणी बोलावत नाही. लोक घरी येतात, हात बघतात आणि मग कळवतात की घरातल्या घरातच उरकायचं ठरलंय. घर मिनलच्या पगारावर चाललंय.

दिवाळीनंतर अफताबचा उजवा हात गेला. माझ्याच प्रेसवर, सेन्सर तसाच बंद. गळ्यात पन्नासची लावलेला कॅमेरा घेऊन मी दवाखान्यात गेलो तर त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी स्टूल ओढून बसून राहिलो. भिंतीकडेच बघत तो म्हणाला की भावा, तेव्हा मी बोललो असतो तर. मी म्हणालो की तू बोलला असतास तर तुझ्या जागी दुसरा कुणी इथे पडला असता. ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही. मग तोच म्हणाला की कॅमेरा आणलायस तर काढ, पण नुसता हात नको, तोंडासकट काढ.

वॉर्डात उजेड कमी आणि फ्लॅश मारायची सोय नाही. झूम असती तर मी दारातूनच काढून निघालो असतो. पन्नासला खाटेपर्यंत जावंच लागतं. एवढ्या जवळून मी त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. त्याची दाढी एका बाजूला पांढरी झालीय. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला की माझाही काढा. तोही चाकणचाच, दुसऱ्या शेडमधला. त्याच्यापलीकडे आणखी एक होता. मी एकेका खाटेजवळ गेलो.

ते फोटो साहेबांपुढे ठेवले आणि या वेळी अफताब बोलला. आमच्या प्रेसला सील लागलं. कंपनीने तिचं काम भाड्याच्या दुसऱ्या शेडमध्ये हलवलंय, तिथे नवी माणसं भरलीत. त्यांच्या मशीनचा सेन्सर चालू आहे की बंद, ते बाहेरून कळत नाही.

आता आईचं. मार्चपासून ती मला उजव्या बाजूनेच वाढते. डाव्या हाताकडे तिने एकदाही बघितलेलं नाही. काल ती अफताबचा फोटो घेऊन दारात बसली, पुष्कळ वेळ. मग म्हणाली की सगळ्यांचे काढलेस, तुझा कुठाय. मी म्हणालो की माझा मला काढता येत नाही. तिने मिनलला कॅमेरा धरायला सांगितलं, माझा डावा हात ओढून मांडीवर घेतला आणि बोटं होती तिथून तळवा फिरवत राहिली. मिनलला अंतर जमेना, तिने बटण दाबलं तेव्हा फोकस हातावर गेला. आईचा चेहरा मागे धुरासारखा आलाय.

मिनल म्हणाली की दादा, बिघडला, परत काढते. आई म्हणाली की राहू दे.

तोच सोबत पाठवतोय. आता डोळे बरे आहेत तर उजेडात धरून बघा. तुमची माया अशीच लाभू दे.

तुमचा,
समाधान