अथर्वची मीटिंग

तीर्थस्वरूप अक्काबाई यांना धाकट्या जावेचा, कुसुमचा, वाकून नमस्कार. (मधे अख्खा समुद्र आहे, त्यामुळे नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलेय असं समजा.) तुमचा खोकला थांबला का? कानातलं मशीन अजून डबीतच आहे की कानात जायला लागलंय? डबीतच असणार. परवा व्हिडिओ कॉलवर मी ‘इकडे सगळं ठीक आहे’ असं घसा फोडून सांगितलं आणि तुम्ही ‘हो, इकडेही जाते वीज’ म्हणालात, तेव्हाच ठरवलं की आता पत्र लिहायचं. शिवाय त्या कॉलवर मला तुमचं तोंड कमी आणि अमितच्या हॉलमधला पंखाच जास्त दिसतो. पंख्याची तब्येत चांगली आहे, फक्त पात्यांवर धूळ साचलीय, ते सूनबाईंना सांगा. (माझं नाव न घेता.) हे पत्र राजूच्या हाती देतेय. हा सिन्नरच्या एका कारखान्यातला मुलगा, इथे कुठल्याशा कंपनीत यंत्र बसवायला आला होता, आता परत निघालाय. तो घरी येईल तेव्हा त्याला चहा द्या आणि आपल्या दोघींच्या भांडणाच्या गोष्टी सांगू नका.

तर हे व्हिएतनाममधलं दा नांग. गाव छान आहे. रस्ते इतके स्वच्छ की थुंकावंसं वाटलं तरी लाज वाटेल. अथर्वचं घर खूप वरच्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो. पहिला आठवडा मी समुद्र बघितला. दुसऱ्या आठवड्यात समुद्र मला बघत होता. अथर्व सकाळीच ऑफिसला जातो आणि संध्याकाळी न चुकता फोन करतो, ‘आई, मीटिंग आहे, तू जेवून घे.’ शेजारी कोण राहतं ते कळायला मार्ग नाही, दारं सगळी बंद, लिफ्टमधे भेटतात ते हसतात आणि मजला आला की सुटका झाल्यासारखे पळतात. या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र धुणं संपलं की एक छोटंसं गाणं वाजवतं. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारं तेवढंच. मग मी एक एक कपडा वेगळा धुवायला लागले. (पाण्याचं बिल बघून अथर्वने विचारलं, तेव्हा मी ‘इथे घाम फार येतो’ म्हटलं.)

शेवटी एक दिवस साडी नेसून, पायात बूट घालून खाली उतरले. इथे फुटपाथवर जिकडे तिकडे खाण्याच्या टपऱ्या आहेत आणि बसायला प्लास्टिकची स्टुलं, आपल्याकडे न्हाणीघरात असतात तसली. बसणं जमतं. उठायचं कसं, हे त्या लोकांनी मला सांगायला हवं होतं. मी बसल्या जागेवरून ‘चाय, चाय’ असं हात करून सांगितलं, म्हटलं आधी घोटभर चहा घ्यावा आणि मग उठण्याचं बघावं. तर बाईने भात, टोफू आणि पालेभाजी आणून ठेवली. मी डोकं हलवून पुन्हा ‘चाय’ म्हटलं. तिने आनंदाने आणखी एक वाटी आणली. अक्काबाई, त्यांच्या भाषेत ‘चाय’ म्हणजे शाकाहारी! हे मला पुढे कळलं. नाहीतर इथे साध्या कोबीच्या भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात. म्हणजे चहाच्या तल्लफेने माझा धर्म वाचवला. उठवायला मात्र दोन रिक्षावाल्यासारखे गृहस्थ लागले.

तेव्हापासून स्टुलांचा नाद सोडला आणि पाठ टेकायला खुर्ची कुठे मिळते ते शोधू लागले. आता जे लिहितेय ते बसून वाचा. पाठ टेकायची खुर्ची, वाचता येणारं मेनूकार्ड आणि स्वच्छ बाथरूम, हे तिन्ही या भागात एकत्र मिळतं ते गोऱ्या लोकांच्या बारमधे. मी रोज दुपारी बारमधे जाते. (पुन्हा वाचू नका, बरोबरच वाचलंत.) त्याचं नाव ‘स्लीपी क्रॅब’. बाहेर पाटीवर डोळे मिटलेला खेकडा काढलाय. आत लान नावाची मुलगी वाढायला असते. तिने पहिल्याच दिवशी मला वय विचारलं. मला रागच आला, पण इथे वय कळल्याशिवाय माणसाला हाक मारता येत नाही म्हणे. ताई, काकू की आजी, ते आधी ठरवावं लागतं. मी वय सांगितलं तर तिने थेट ‘बा’ करून टाकलं, म्हणजे आजी. इतके दिवस मला ‘मॅम’ ऐकून आपण विमानातच बसलोय असं वाटत होतं. ‘बा’ म्हटल्यावर जमिनीवर उतरल्यासारखं झालं.

तिथे येणारे सगळे म्हातारे गोरे. कोणी ऑस्ट्रेलियाचा, कोणी इंग्लंडचा. प्रत्येक जण वेगळ्या टेबलावर, खुर्ची रस्त्याकडे तोंड करून. हॅलो म्हणतात आणि पुन्हा रस्ता बघतात. मला वाटलं होतं बार म्हणजे दंगा, नाचगाणं. इथे तर आपल्या जॉगिंग ट्रॅकवरच्या बाकांपेक्षाही शांतता. तिथे निदान काळूअण्णा सगळ्यांना आपली शुगर सांगतात. इथे मला पीटर भेटला, मेलबर्नला ट्राम चालवायचा तो. त्याच्या फोनमधे एका कुत्र्याचे फोटो आहेत, तो कुत्रा आता नाही. मी रोज तेच फोटो बघते आणि रोज ‘गुड डॉग’ म्हणते. माझं इंग्रजी ऑफिसच्या टपालापुरतं, ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ याच्यापुढे गाडी जात नाही, पण कुत्र्याला तेवढं पुरतं.

एकदा मी मेनूतल्या चित्रावर बोट ठेवून लिंबू-पुदिना-सोडा मागवला. फार छान लागला. उकाडा होता म्हणून दुसराही घेतला. मग मला एकदम बरं वाटायला लागलं, पंख्याचं बरं वाटलं, पीटरचं बरं वाटलं, आणि मी पीटरला मराठीतून सगळं सांगितलं. माझी सून मृण्मयी अथर्वला सोडून गेली, कोणी काही सांगत नाही, आणि मीही पोराला विचारत नाही, कारण त्याला दुखेल. देवळ्याचा कांदा, माझी पेन्शन, तुमचा स्वभाव, सगळं. पीटर ‘येस, येस’ म्हणत होता. माझं संपल्यावर त्याने त्याच्या मुलीबद्दल बराच वेळ सांगितलं. एक अक्षर कळलं नाही. मीही ‘येस, येस’ म्हटलं. दोघांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी लानने हळूच सांगितलं, ‘बा, दॅट वन हॅज रम.’ (अक्काबाई, हे वाक्य वाचून झालं की कागदाचा एवढा भाग फाडून टाका. मागच्या बाजूला काही महत्त्वाचं नाहीये.)

आता खरं झालं ते सांगते. गेल्या आठवड्यात लानच्या आजोबांचं श्राद्ध होतं, तिला सुट्टी, म्हणून बार बंद. (ती श्राद्धाला आजोबांच्या फोटोपुढे बिअरचा कॅन ठेवते. मला काही गैर वाटलं नाही, आपण नाही का ह्यांच्या पानावर तपकिरीची डबी ठेवत.) संध्याकाळ झाली होती, अथर्वचा फोन येऊन गेला होता, मीटिंग, जेवून घे. मी पुढच्या गल्लीत गेले. तिथे एक पिझ्झाचं दुकान आहे, उघडंच, बाहेर केळीच्या कुंड्या. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर अथर्व. एकटा. समोर एक बिअर, एक बटाट्याच्या काड्यांची बशी, लॅपटॉप बॅगेत. फोनसुद्धा बघत नव्हता. रस्त्याकडे तोंड करून बसला होता, त्या म्हाताऱ्यांसारखा. चाळीशीही गाठली नाही हो त्याने अजून.

मी केळीमागे उभी राहिले. आधी वाटलं, परत जावं. त्याने मला खोटं सांगितलं ते त्याच्याजवळच राहू दे. घरापर्यंतचा अर्धा रस्ता गेलेही. पण वर गेले असते तर ते गाणारं यंत्र आणि मी. मग वळले आणि सरळ त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, “मीटिंगला एक खुर्ची जास्त आहे का?”

तो शाळेत मास्तर आल्यासारखा उभा राहिला. बिअर लपवायला गेला, ती सांडली, टिश्यू आणले, माझ्या साडीला लागलं, ‘सॉरी आई, सॉरी आई’ चाललं. सगळं पुसून झाल्यावर दोघंही बसलो आणि मग पुसायला काही उरलं नाही.

“रोज इथेच असतोस?” मी विचारलं.

“ती गेल्यापासून. घरी गेलं की फार शांत वाटायचं.”

“आता मी आहे ना घरात.”

“म्हणूनच गं.” तो बशीकडे बघत म्हणाला. “तू ताट वाढून बसतेस. काहीच विचारत नाहीस. मला वाटतं, हिने सगळा दोष मलाच देऊन टाकलाय, फक्त बोलत नाही.”

अक्काबाई, इतके दिवस मी स्वतःला केवढी समजूतदार समजत होते! तेव्हा म्हटलं, बरं, विचारते. “मृण्मयी का गेली रे?”

त्याने एक बटाटा मोडला. मग म्हणाला, “भांडण नाही झालं. तिला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. ‘तू येतोस ना?’ म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती थांबली होती खूप. मी बघूच म्हणत राहिलो.”

तुमच्या दिराने फ्रिजपासून काशीयात्रेपर्यंत आयुष्यभर सगळ्याला ‘बघू’च म्हटलं. फक्त मी पुण्याला गेले नाही, एवढाच फरक. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. वेटरला वाटलं मी बिल मागतेय, तो बिल घेऊन आला.

तेव्हापासून अथर्व दिवेलागणीला घरी येतो. आम्ही समोरासमोर बसतो. त्याला वाटतं आता बोललं पाहिजे, मलाही वाटतं आता बोललं पाहिजे, मग आम्ही व्हिएतनामी मालिका लावतो. त्यात एक सासू आहे, ती सारखी रडते. का रडते यावर आमची बरीच चर्चा होते. कधी खाली जाऊन जेवतो, मी ‘चाय’ म्हणते, तो हसतो. परवा एकदम म्हणाला, “आई, व्हिसा पुन्हा काढता येतो. आणखी तीन महिने राहशील?” माझ्या तोंडून निघून गेलं, “बघू.” त्याचं तोंड बघवेना, म्हणून लगेच ‘राहते की’ म्हटलं.

बाकी सर्व क्षेम. माझी काळजी करू नका, मी मजेत आहे. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, पंख्याला फडकं.

तुमची,
कुसुम

ता. क. १ : मजेत वगैरे काही नाही. मला घरी यायचंय. सकाळी उठून तुमच्याशी दुधावरून भांडायचंय. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून तुम्ही एक करा. अमितला अथर्वला मेसेज पाठवायला सांगा की तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालंय आणि कुसुमशिवाय भागत नाही. गुडघाच सांगा. हृदय सांगितलंत तर पोरगा स्वतः विमानात बसून येईल आणि तुम्ही दारात लसूण सोलत बसलेल्या सापडाल.

ता. क. २ : पीटरने मुलीला फोन लावला म्हणे. तिने उचलला नाही, पण त्याने लावला. लानने सांगितलं.

ता. क. ३ : वरचं ऑपरेशन तूर्त रद्द करा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात अथर्व आला. “काकूला एवढं काय लिहिलंस?” म्हणाला. मी म्हटलं, “लिहिलंय की मी इथे मजेत आहे.” त्याने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला, “मग माझंही तसंच लिही.”