पत्ते वाटणारीचा डाव

१४ जून, लास व्हेगास
पोकरच्या स्पर्धेतून रॉय जेवणाच्या सुट्टीआधीच बाहेर! पहिल्याच तासात दोन गुलामांवर सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. समोरच्याकडे राण्यांची जोडी निघाली. आणि हाच माझा नवरा काल मला ऐकवत होता — "व्हर्ना, सत्तावीस वर्षं तू कॅसिनोत नुसते पत्ते वाटलेस. वाटणं वेगळं, खेळणं वेगळं!"
मी अजून आहे. दिवसभरात जेमतेम अकरा डाव खेळले, बाकी सगळे टाकून दिले. पहिल्या दिवशी स्पर्धा कोणी जिंकत नाही, हरतात मात्र पुष्कळ. टेबलाच्या पलीकडे बसून एवढं तर पाहिलंय.

१५ जून
पत्ते बघण्याआधीच सक्तीने लावायच्या चिप्स तासातासाला वाढतायत. आता गप्प बसलं तर चिप्स नुसत्या झिजतात. म्हणून पाळी शेवटी आली की पैज वाढवते — पत्ते यथातथा असले तरी. बहुतेक जण सोडून देतात. गुडघे फार दुखतात.

१६ जून
आज मजा आली! अजून तिघं बाहेर गेले की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस. त्यामुळे जो तो जीव मुठीत धरून बसलेला. मी मात्र हातात काही नसताना लावत सुटले. शेजारी टेक्ससचा दंतवैद्य, क्लाइड. वैतागून पत्ते टाकत म्हणाला, "बाई, दोन दिवस झोपला होतात का?"
"हो. आत्ता जाग आली."
प्रेक्षकांच्या कठड्यापलीकडून रॉय — "अगं वेडे, थांब! बक्षीस तरी पदरात पडू दे!"
थांबले नाही. चिप्स तिप्पट!

१७ जून
जिंकले!!!
शेवटी मी आणि क्लाइड. दोघंच उरल्यावर चांगल्या पत्त्यांची वाट कोण बघतं? जवळजवळ प्रत्येक डावाला वाढवत होते. त्याचे कान लाल. चारच्या सुमारास त्याने सगळंच पुढे लोटलं — "पुरे झालं! आता दाखवाच!"
त्याच्याकडे एक्का आणि पंजी. माझ्याकडे अठ्ठ्यांची जोडी. मधले, दोघांचे सामाईक पाच पत्ते एकेक करून उघडले — एक्का आलाच नाही!
क्लाइडने टोपी काढून हात पुढे केला. "कुठे शिकलात?"
"वाटता वाटता."
कठड्याशी सुट्टीवरच्या पत्ते वाटणाऱ्या पोरी उभ्या होत्या. टाळ्या थांबेचनात. मी रडले. रॉय म्हणाला, "नशीब गं, निव्वळ नशीब."

१९ जून
पुढची स्पर्धा रीनोला. बॅग भरली — एकटीची. रॉय दारात आडवा उभा. "परत कधी येणार?"
म्हटलं, "हरले की."