वाडी सभेला गेली नाही

कशेळ्यावरची वाडी,
२७ जानेवारी

चि. विकासला आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. वाडीत रेंज नाही, म्हणून जीपवाल्या शुक्राबरोबर पत्र पाठवते.

कालची ग्रामसभा झालीच नाही! झऱ्याची जागा रिसॉर्टवाल्याला द्यायचा ठराव होता. तू दिवाळीत म्हणाला होतास, कोरम भरला नाही की सभा तहकूब. मग मीच घरोघर फिरले, कुणी जायचं नाय म्हणून. आपल्या वाडीच्या बैठकीतून एक माणूस उठून गेला तरी विषय तिथंच मरतो. इथं तर अख्खी वाडी गेली नाही. शेजारची चिंधी म्हणाली, आता पानी आपलंच हाय. भाचा नागरिकशास्त्राचा मास्तर असला की असा फायदा होतो. त्या मास्तरला भात न करपवता शिजवता येत नाही, एवढीच काळजी आहे.

लोभ आहेच, तो भेटायला येऊन वाढवावा.
तुझी आत्या, सोनाबाई

मोहोपाडा,
३० जानेवारी

ती. आत्याला शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र वाचून ताट तसंच ठेवून लिहायला बसलो. आत्या, तहकूब म्हणजे रद्द नव्हे, फक्त पुढे ढकललेली. ती सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही. मूठभर माणसांनी हात वर केले तरी ठराव होतो. पत्र मिळताच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नवी तारीख बघा आणि सगळे जा. शुक्राला सारखा फोन लावतोय, लागत नाही. परीक्षांमुळे मला सुटी मिळेना.

माया असू दे.
विकास

वाडी,
८ फेब्रुवारी

चि. विकासला आशीर्वाद. वि. वि. शुक्राची जीप बिघडून पडली होती, म्हणून पत्र काल मिळालं. सभा परवाच झाली. नोटीस खालच्या गावात लावली होती म्हणे. आम्ही जिंकून बसलेलो, तिकडं कोण बघतो! ठराव मंजूर झाला. मी ग्रामसेवकाला विचारलं, आमी नव्हतो, मग झालं कसं. तो म्हणाला, मावशी, तुमी नव्हता म्हणूनच झालं.

वाडीतलं कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तू काही करता येतं का बघ.
आत्या

मोहोपाडा,
१ मार्च

ती. आत्याला नमस्कार. वि. वि. तालुक्याला जाऊन आलो. साहेबांनी बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकलं आणि सांगितलं की जे झालं ते नियमाप्रमाणेच झालंय. मलाही तो नियम पाठ आहे. या आठवड्यात सहावीला ग्रामसभेचा धडा होता. मुलांकडूनच वाचून घेतला. फार वाईट वाटतंय गं आत्या.

रागावू नकोस.
विकास

वाडी,
३ मे

चि. विकासला आशीर्वाद. वि. वि. तुझ्यावर कसला राग?

एक मेच्या सभेला अख्खी वाडी उतरली, म्हातारीकोतारी आणि तान्ही पोरंसुद्धा. मी उभी राहून बोलले. झऱ्याला कुंपण पडलंय, चिंधी गुडघे धरत खालून हंडे आणते, हेही सांगितलं. सरपंचांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाय.

आमचे अंगठे घेतले. एवढी हजेरी आजवर कधी नव्हती म्हणून टाळ्या वाजवल्या. तालुक्याला पाठवायला फोटो हवा होता, तर बायांना पुढं बसवलं आणि हसा म्हणाले. आम्ही हसलो रं.

माया राहू दे.
आत्या