फळीवरच्या बारा पुस्तकांचा जुना क्रम

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा पुस्तकबांधणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असलाच तर तो कलम चारमध्ये नोंदवला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीला मिळाव्यात. ती निवृत्त ग्रंथपाल आहे. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा तिनेच ठरवलेली असल्याने घर तसेही तिचेच आहे.

२. दुकान, पुस्तके दाबायचे यंत्र, सुया व दाभण मुलीला मिळावेत. तिचे टाके माझ्यापेक्षा सरळ येतात. शेजारचा गाळा घेऊन तिला काम वाढवायचे आहे, आणि त्यासाठीचे पैसे कलम चारमध्ये अडकले आहेत.

३. मेहुण्यांना काहीही देऊ नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या, तेव्हा साक्षीदार म्हणून मला पहिल्यांदा त्यांचेच नाव सुचले.

४. आता वॉलेट. मेहुण्यांनी आणि मी डिजिटल नाणी एकदमच घेतली. त्यांनी ती एका कंपनीच्या वॉलेटमध्ये ठेवली. किल्ली कंपनीकडे, पासवर्ड विसरला तर फोन करायचा. मी म्हटले, माझ्या तिजोरीची किल्ली परक्याच्या खिशात कशाला? माझे वॉलेट मीच सांभाळणार. त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द, ठरलेल्या क्रमाने. क्रम चुकला की पैसे असून नसल्यासारखे, आणि फोन करायला कोणीही नाही. मध्यंतरी कंपनीने पैसे काढू देणे बंद केले, तेव्हा मेहुण्यांची अन्नावरची वासना उडाली. मी रोज फोन करून त्यांची विचारपूस करीत असे.

बारा शब्दांच्या चिठ्ठ्या मी घरातल्या बारा पुस्तकांच्या पाठीत चिकटवून वर नवे कापड चढवले. क्रम म्हणजे फळीवर डावीकडून उजवीकडे. पत्नीला यातले काही सांगितले नव्हते. निवृत्त होताच तिने ती फळी विषयवार लावली.

मागच्या आठवड्यात मुलीला किल्ली दाखवायला गेलो, तेव्हा फळीकडे पहिल्यांदा नीट पाहिले. जुना क्रम काही केल्या आठवेना. मुलीने शेजारच्या गाळ्याचा हिशेब घडी घालून पिशवीत ठेवला, ते जास्त लागले. मेहुणे मात्र लगेच आले आणि त्यांनी माझी विचारपूस केली.

पत्नी चहा गाळत होती. म्हणाली, "जुना क्रम मला पाठ आहे. इतकी वर्षं त्या फळीवरची धूळ कोण पुसतंय?"

मी कागद-पेन घेऊन बसलो.

"आत्ता नाही. ऑपरेशन करून घरी या, मग सांगते."

मी दोनदा पुढे ढकललेले ऑपरेशन उद्या होते आहे, ते असे.

सबब, वॉलेट मुलीला मिळावे. मी परत न आल्यास पत्नीने तिला क्रम सांगावा, असेही लिहिले होते. पत्नीने ते वाचले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "हे वाक्य काढा."

मला भीती वाटते आहे. वाक्य काढले आहे.

५. उद्या मेहुणेच मला दवाखान्यात नेणार आहेत. गाडीची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्यावी.

ठिकाण: राहते घर, पुस्तकांच्या फळीसमोर
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस

साक्षीदार:
१. मेहुणे (सही)
२. शेजारी राहणाऱ्या दातांच्या डॉक्टर (सही)

मृत्युपत्र करणारा: (सही)

कलम चारमधील एक वाक्य खोडले आहे. खोडाखोड मला मान्य. घरी येऊन क्रम मीच विचारीन. (सही)