फिल्मच्या दाराची खिटी

काका,

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी चार शब्द बोलावेत असं मला एकदाही वाटलं नाही. आज वाटतंय तेही संतापानं. परवा काकूंचा फोन आला. मिशिगनमधलं ॲन आर्बरचं घर विकून त्या लेकीकडे राहायला चालल्या आहेत, सगळी आवराआवर चालली आहे. तुमच्या टेबलाच्या खणात त्यांना एक बायकी घड्याळ सापडलं, काळ्या पट्ट्याचं, अंधारात काटे चमकणारं. "अगं, हे तुझं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझंच आहे, टाकून द्या. त्या बरं म्हणाल्या. फोन ठेवला आणि पुसलेलाच ओटा मी परत दोनदा पुसला. एका जुन्या घड्याळाच्या नावानं या वयात मी अशी बिथरावी, याचाच मला राग आला, आणि म्हणून लिहायला बसले.

मी तुमच्याकडे आले ते २००१ साली. युनिव्हर्सिटीतून नुकतीच बाहेर पडले होते, बरोबरीच्या मुलांच्या ऑफर्स एकामागून एक कॅन्सल होत होत्या, आणि गावाबाहेरच्या एका छोट्या कंपनीनं मला तुमच्या हाताखाली घेतलं. मोठ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांच्या पोटातली यंत्रं तिथं तयार व्हायची. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे, अगदी मालकालासुद्धा. माझी जीभ काही रेटेना. पहिले दोन महिने मी तुम्हाला कशानंच हाक मारली नाही, तुमच्या टेबलापाशी येऊन नुसती खाकरायची. शेवटी काकूंनीच त्यांच्या स्वयंपाकघरात निकाल लावला, की काका म्हण आणि मोकळी हो. मग ऑफिसातले लोकही तुम्हाला काका म्हणायला लागले. ते तुमचं टोपणनाव आहे असं त्यांना वाटायचं, आणि तुम्ही कधी ते सुधारलं नाहीत. न सुधारता गंमत बघत बसायची तुमची सवय मला तेव्हाच कळायला हवी होती.

त्या स्वयंपाकघरातला एक रविवार मला अजून दिसतो. काकू कणीक मळतायत आणि तुम्ही त्यांच्या ओट्यावर, परातीला खेटून, बाटलीच्या ओपनरनं फिल्मच्या डबीचं टोपण उचकटताय. पीठ लागेल, काकू ओरडतायत. तुमचं लक्ष नाही. डबीतून बाहेर आलेली फिल्मची जीभ तुम्ही माझ्यासमोर धरता आणि म्हणता, सगळ्या दुःखाचं मूळ हे. ही जीभ कॅमेऱ्यातल्या रिळात अडकवायची असते, ती नीट अडकली नाही तर कॅमेरा खुशाल क्लिक क्लिक करत राहतो, आकडा पुढे सरकतो आणि फिल्म जागची हलत नाही. तुमच्या बहिणीच्या लग्नात एका मामांनी छत्तीस फोटो काढले होते आणि एकही आला नाही. त्या लग्नाचा एकही फोटो तुमच्या घरात नाही. ते सांगताना तुमचा चेहरा असा होता, की लग्न परवा झालं आणि मामा अजून ओसरीवर बसलेत. त्या रागातून तुम्ही इंजिनियर झालात असं मला तेव्हा वाटलं, आणि रागातून इतकं नेटकं काही घडू शकतं याचं मला अप्रूप वाटलं.

तुमच्या नव्या डबीला जीभच नव्हती. फिल्म पूर्ण आत. डबी कॅमेऱ्यात नुसती टाकायची, आतला दांडा फिरला की फिल्म आपली आपण बाहेर ढकलली जायची. जुन्या डबीच्या तोंडाशी उजेड अडवायला मखमलीची पट्टी असायची, तुम्ही तिथं प्लॅस्टिकचं एवढंसं दार बसवलंत, जे फक्त कॅमेऱ्याच्या आतच उघडेल. आणि डबीच्या तळाशी चार खुणा: कोरी, अर्धी वापरलेली, पूर्ण वापरलेली, धुतलेली. कुणीही उचलून बघावी आणि आत काय आहे ते कळावं. माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडायचं नाही, हे तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं. ते दार बाहेर चुकून उघडू नये म्हणून एक खिटी हवी होती, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. ती तुम्ही माझ्या हवाली केलीत. ही खिटी तुझी, एवढंच म्हणालात. मी रात्रंदिवस तीच डोक्यात घेऊन हिंडले.

डब्यांची चाचणी खऱ्या फिल्मवर, काळ्याकुट्ट खोलीत व्हायची. तिथं स्वतःचा हात दिसत नसे. एकमेकांवर आदळू नये म्हणून प्रत्येकानं सतत काहीतरी आवाज करत राहायचं असा रिवाज होता. कुणी शीळ घालायचं, कुणी किल्ल्या वाजवायचं. तुम्ही पावकी-निमकी म्हणायचात. मिशिगनमधल्या त्या अंधारात, शाळेत पाठ केलेले तुमचे पाऊणकीचे पाढे डावीकडून उजवीकडे सरकत जायचे आणि सगळे अमेरिकन गडी निमूट बाजूला व्हायचे. एक दिवस मी ते चमकत्या काट्यांचं घड्याळ काढायला विसरले. दिवसभराचं काम वाया गेलं. धुतल्यावर प्रत्येक फिल्मवर एक करडा डाग. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या मनगटावरून ते घड्याळ स्वतःच्या हातानं काढलंत आणि खणात टाकलंत. "वेळ बघायची असेल तर बाहेर बसायचं," मराठीत म्हणालात, "आत यायचं नाही." कुणाला शब्द कळले नसतील, सूर सगळ्यांना कळला. आईनं इथं येताना घेऊन दिलेलं घड्याळ होतं ते. मी परत मागितलं नाही आणि तुम्ही दिलं नाहीत. ऑफिस आवरताना खोक्यात भरून घरी नेलं असणार. म्हणजे ते कुणाचं आहे हे तुमच्या पक्कं लक्षात होतं.

तुमच्या शिकवण्याबद्दल लोक फार चांगलं बोलायचे. मी बोलणार नाही. बिघडलेला पार्ट माझ्या टेबलावर ठेवायचात, "बघून घे" म्हणायचात आणि चालू लागायचात. काय बिघडलंय ते तुम्हाला पक्कं ठाऊक असायचं. चार चार दिवस मी भिंग लावून बसायची, तुम्ही समोरून कॉफी घेऊन जायचात आणि मान वर करायचा नाहीत. एकदा चौथ्या दिवशी मला दिसलं, की प्लॅस्टिक साच्यात जिथून शिरतं तिथं किंचित खड्डा पडतोय आणि म्हणून पार्ट कलतो. त्या संध्याकाळी तुम्ही तुमचा फीलर गेज, बारीक फटी मोजायचा पातळ पात्यांचा जुडगा, मला दिलात, पहिल्या पगारातून घेतलेला, एक पातं हरवलेला. मी घरी जाऊन रडले, आनंदानं. मूर्ख होते.

मग २००३ चा फेब्रुवारी. सांता क्लाराच्या एका कंपनीची ऑफर आली. पगार बरा, ग्रीन कार्डाची फाइल पहिल्याच वर्षी सुरू करू असं त्यांनी लिहून दिलेलं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. सोमवारी मी तुमच्या दारात उभी राहिले आणि सरळ विचारलं, "काका, खरं सांगा. इथलं चालू राहणार आहे का? माझा व्हिसा इथं बांधलेला आहे." तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि परत घातलात. "खिटी पूर्ण कर," म्हणालात, "मग बघू." मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत होतात. शुक्रवारी मी सांता क्लाराला फोन करून नाही सांगितलं.

सप्टेंबरमध्ये आम्हाला एका खोलीत बोलावलं. मनुष्यबळ खात्याची बाई होती, तिच्या शेजारी तुम्ही. डिजिटलपुढे आपलं काम आता टिकणार नाही, विभाग बंद करतोय, असं तिनं गोड आवाजात सांगितलं. आणि मग सहज म्हणाली, की तुमच्या मॅनेजरला जानेवारीपासून कल्पना आहे, तेव्हा पुढचं त्यांच्याशी बोलून घ्या. जानेवारी. मी बोटांवर मोजलं. पार्किंगमध्ये तुम्हाला गाठलं आणि विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? "मी सही केली होती," तुम्ही म्हणालात. "कुणाला सांगणार नाही म्हणून." आणि गाडीचं दार उघडता उघडता विचारलंत, "तू तो कागद बघितला होतास ना?" मी पाठ फिरवून निघून आले. ते आपलं शेवटचं बोलणं.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, तर ऐका. नोकरी गेली की व्हिसा गेला. अपार्टमेंटमधलं सामान मी लोकांना वाटून टाकलं आणि पुण्याला परतले. भोसरीत एका कारखान्यात बादल्यांच्या कड्या डिझाइन केल्या. घरचे विचारायचे, अमेरिकेत एवढं शिकून बादल्या? तुम्ही गेल्याचा काकूंचा फोन तिथंच आला, मशीनच्या खडखडाटात. मी "हो, हो" म्हणाले आणि परत बादलीकडे वळले. परत अमेरिकेत यायला मला २००८ उजाडलं, आणि सगळं शून्यापासून. आता ॲशबर्नला आहे. सर्व्हरचे ड्रॉवर रॅकमध्ये जिथं अडकतात तिथली खिटी बनवते. खिट्या काही सुटल्या नाहीत.

इथल्या मराठी घरांत जेवणं झाली की कुणीतरी जुन्या नोकऱ्यांचे किस्से काढतं आणि मी तुमचा सांगते. मला मुलीसारखी मानायचा, जानेवारीपासून जाणून होता आणि फेब्रुवारीत तोंडावर खोटं बोलला. ऐकणारे हळहळतात. क्या यार, असा कसा माणूस, असं कुणीतरी म्हणतं आणि कुणीतरी मला आणखी भात वाढतं. माणसाच्या लक्षात राहण्यावर काही सोडायचं नाही म्हणणारे तुम्ही. अंगठ्याएवढ्या डबीच्या तळाशी चार खुणा ठोकल्यात, की कुण्या अनोळखी माणसाचे सुट्टीचे फोटो फुकट जाऊ नयेत. आणि माझं अख्खं आयुष्य तुम्ही माझ्या वाचण्यावर सोडलंत. जा, एवढा एकाक्षरी शब्द होता, काका. सही मोडत नव्हती त्यानं. कारणसुद्धा विचारलं नसतं मी.

किस्सा सांगताना मी एक गोष्ट नेहमी गाळते. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, काकूंनाही दाखवायचं नाही, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही. त्या आठवड्यातल्या बुधवारी, तुम्ही खिडकीबाहेर बघितल्याच्या दोन दिवसांनंतर, माझ्या टेबलावर एक कागद ठेवलात. खिटीच्या साच्याची ऑर्डर. तसल्या कागदावर माझी सही लागतच नसे. "बघून घे," म्हणालात, आणि चालू लागला नाहीत. उभे राहिलात. तेवढं एकदाच.

वर्षानुवर्षं लाखो पार्ट काढायचे असतील तर साचा पोलादाचा करतात. ॲल्युमिनियमचा करतात तो चार-दोन हजार नमुने काढून फेकून देण्यासाठी. हे पहिल्या महिन्यात तुम्हीच मला शिकवलं होतंत. त्या कागदावर तिसऱ्या ओळीत ॲल्युमिनियम लिहिलं होतं. माझं बोट त्या शब्दावर थांबलं. तुम्हाला दिसलं असणार, तुम्ही बोटाकडेच बघत होतात. शुक्रवार अजून दोन दिवस लांब होता. आणि मी मनात म्हटलं, साचा कसलाही असो, माझी खिटी निदान एकदा प्लॅस्टिकमध्ये ओतलेली बघायला तर मिळेल. मी खाली सही केली आणि कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही तो घेतलात, माझ्याकडे जरा वेळ बघितलंत, आणि गेलात.

तोंडानं सांगायला हवं होतंत, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण पार्किंगमध्ये तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. हो, काका. बघितला होता.