येलदरीच्या फुगवट्यावर धुरपताक्का

पूर्णा जंक्शन, बुधवार, दुपारचे दोन

तीर्थस्वरूप व्यंकटराव दाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा बन्सीधर याचा, गुडघे वाकतील तेवढे वाकवून, नमस्कार.

इकडं सगळी मंडळी सुखरूप आहेत. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात वर लिहिलं आहे. पुढं वाचता वाचता छातीत धडधडलं, तर परत वर येऊन हेच वाक्य वाचावं आणि घोटभर पाणी प्यावं. तुमची कंबर कशी आहे? कापूस वेचायला बाया मिळाल्या का? काळी म्हैस अजून दूध चोरते का? फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुम्ही म्हणाल. तर दाजी, फोनवर तुम्ही 'हां, हां, बरं, ठिवू का' एवढंच बोलता, आणि आजचा मजकूर 'ठिवू का'च्या आधी संपणारा नाही. म्हणून ओळखीच्या कंडक्टरच्या हाती हे पाकीट देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात पोचवतो आहे. बसून वाचावं. उभ्यानं वाचू नये.

अक्का घटस्थापनेआधी 'आठ दिवसांत गुडघा दाखवून येते' म्हणून आमच्याकडं आली, त्याला आज एकविसावा दिवस. गुडघा दाखवला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, हालता ठेवा. आता डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात आणि आपण घरी येऊन परत खाटेवर बसतो. पण अक्कानं ते वाक्य मनावर घेतलं. पुढचं जे काही घडलं त्याला मी जबाबदार नाही, डॉक्टर आहेत.

आमचा पोरगा परमेश्वर सात वर्षं मालवणकडं समुद्रात लोकांना फिरवायच्या कामाला होता, हे तुम्हाला ठाऊक आहे. श्रावणात तो परत आला, आणि सोबत टेम्पोत एक यंत्र घेऊन आला. पाण्यावरची स्कूटर. दिसायला मोटारसायकल, पण चाकं नाहीत. पोटाखालून पाणी ओढून घेते, मागच्या बाजूनं जोरात फेकते आणि त्या जोरावर पळते. मालकानं धंदा आवरला तेव्हा यानं ती घेऊन टाकली. मी एकतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढली (आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी निवृत्त होईपर्यंत कुणाला हे सुचलं नाही, असो). त्यामुळं जे रुळावर चालत नाही त्यावर माझा विश्वास नाही. मी त्याला सरळ सांगितलं की ही इकून टाक आणि रेल्वेच्या भरतीचा फॉर्म भर. तेव्हापासून दोन महिने पोरगा माझ्याशी थेट बोलत नव्हता. 'आई, त्यांना म्हणावं जेवायला वाढलंय', असं मी समोर पाटावर बसलेलो असताना सांगायचा.

त्याचा बेत असा होता. येलदरी धरणाच्या भिंतीपासून वर, पूर्णा नदीच्या फुगवट्यात, म्हणजे मागं तुंबलेल्या पाण्यात, तीन दिवस दोन रात्री त्या स्कूटरवर फिरायचं. काठावर कुठं उतरता येतं, कुठं तंबू लागतो, प्यायचं पाणी कुठं मिळतं, हे सगळं लिहून काढायचं आणि मग पुढं पाव्हणे आणायचे. एकट्यानं जायचं नाही हा त्याचा नियम. जोडीला मालवणचा मित्र येणार होता, त्याचा निघायच्या आठ दिवस आधी हात मोडला. परमेश्वर तोंड पाडून बसला. माझ्या मनात आलं, सुटलो. तेवढ्यात लसूण सोलता सोलता अक्का म्हणाली, "दुसरं माणूसच पायजे ना? मग मी हाय की."

आम्ही सगळे हसलो. अक्का हसली नाही. लसणाची साल झटकून तिनं परमेश्वराला सामानाची यादी वाचायला सांगितली.

दाजी, त्या यादीचं काय झालं ते मी रेल्वेत असतो तर साहेबांना नमुना म्हणून दाखवलं असतं. घडीची खुर्ची, गॅसची शेगडी, कॉफीचं भांडं, गाणी लावायचा डबा असं बरंच होतं. अक्कानं एकच विचारलं, ही मशीन किती वजन उचलते? त्यानं आकडा सांगितला. मग तिनं त्याला आणि स्वतःला शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर उभं केलं (दुकानदाराला वाटलं, नवस आहे), दोघांचं वजन वजा केलं, आणि उरलं त्यात आधी पेट्रोल, मग पिण्याचं पाणी, मग जेवण आणि सगळ्यात शेवटी हौस, असा क्रम लावला. हौशीला जागाच उरली नाही. खुर्ची गेली, कॉफी गेली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि गुळाचा खडा आला. तंबू राहिला, पण त्याच्याखाली अंथरायला आमच्या गॅलरीतली ताडपत्री कापून गेली. कपडे, काडेपेटी आणि मोबाइल युरियाच्या पोत्यातल्या आतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड पिळून, सुतळीनं बांधले. मग ते बोचकं तिनं आमच्या टाकीत तासभर बुडवून ठेवलं आणि काडी ओढून पाहिली. पेटली.

पेट्रोलचा हिशेब परमेश्वरानं मोबाइलवर चालवला होता. अक्का म्हणाली, आमच्याकडं ट्रॅक्टर शिवारात न्यायचा तर डिझेलचे तीन वाटे धरतात. जायला एक, यायला एक, आणि एक देवाचा. देवाच्या वाट्याला हात लावायचा नाही. परमेश्वरानं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाला, आत्या, समुद्रावर आम्हाला हाच नियम शिकवायला तीन दिवसांचा वर्ग घेतला होता.

धरणाच्या कार्यालयात परवानगीला तीच गेली. मी अर्ज घेऊन मागं उभा. साहेबांनी वय विचारलं, हिनं एकसष्ट सांगितलं आणि उलट त्यांनाच विचारलं की वीज करायला पाणी कोणत्या वेळेला ओढता आणि भिंतीपासून किती लांब राहायचं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, नकाशा काढला, लाल रेघ मारून दिली आणि चहा मागवला. (चहा मलाही मिळाला.)

आणि शिकणं. आपण मागं बसणार, तर चालवायला कशाला शिकायचं, असं मी म्हणालो. तिचं म्हणणं, मागच्या माणसाला किमान थांबवता तर यावं. काठापाशी दोन दिवस परमेश्वर तिला शिकवत होता. नऊवारीचा कासोटा पक्का, वर ते नारिंगी जाकीट, मनगटाला लाल दोरी. ती दोरी मशीनला जोडलेली असते. चालवणारा पडला की दोरी निसटते आणि मशीन जागच्या जागी बंद. अक्काला ती फार आवडली, बैलालाही अशी पाहिजे म्हणाली. पण खरी गोम वेगळीच आहे. ही स्कूटर नुसतं हँडल फिरवून वळत नाही. मागून पाणी फेकलं जात असेल तरच वळते. माणूस भ्याला की आधी रेस दाबलेला हात ढिला सोडतो, आणि मग ती सरळ जाऊन आदळते. अक्का दोनदा घसरली, दोनदा वर आली आणि काठावर येऊन मला म्हणाली, "बन्सी, भ्यालं तरी दाबून धरायचं आसतंय. एवढंच हाय त्याच्यात."

माझ्याकडं काठाचं काम होतं. ते कधी कुठं असतील याचा कागद माझ्या खिशात. रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. नाही आला आणि सकाळी आठपर्यंतही नाही आला, तर मी ओरड करायची. येलदरीत ओळखीच्यांकडं मुक्काम टाकला. निघतेवेळी मी जुनी हिरवी झेंडी काढून दाखवली (सवय जात नाही). मासे धरणारी माणसं जाळी टाकून बघत राहिली. पहिल्या दिवशी सहाला दोन मिनिटं कमी असताना अक्काचा फोन आला. मी विचारलं, कशी आहेस? ती म्हणाली, जेवलास का? एवढ्यात रेंज गेली. दुसऱ्या दिवशी मुक्कामाला रेंज नव्हती म्हणून वाटेतूनच आला, त्यातही मी जेवल्याचीच चौकशी.

तिसऱ्या दिवशी ते चारला पोचायचे होते. सकाळी तंबू आवरताना परमेश्वराच्या पोटात कळ उठली. मुतखडा. तुम्हाला तो झालाय, मी वर्णन करत नाही. पोरगं ताडपत्रीवर गडबडा लोळायला लागलं. मोबाइलला रेंज नाही, जवळ गाव नाही, रस्ता तर नाहीच. तिथं काठाला कासाबाई म्हणून एक मासे धरणारी बाई राहते, अक्काच्याच वयाची. आदल्या संध्याकाळी दोघींनी ठेचा आणि तळलेला मासा यांची देवाणघेवाण केली होती. ती धावत आली. अक्कानं तिला एकच विचारलं, पाण्याखाली झाडं कुठं कुठं हायत? कारण धरण भरलं तेव्हाच्या बाभळी अजून आत उभ्या आहेत, वरून दिसत नाहीत, आणि मशीनचं पोट फाडायला एक खुंट पुरतो. कासाबाई म्हणाली, सांगून कळायचं न्हाई, मीच येते.

दाजी, दुपारी बाराच्या सुमाराला मी काठावर उभा राहून जे पाहिलं ते असं: पुढं तुमची धुरपताबाई, दोन्ही हातांनी हँडल धरून, पदर जाकिटात खोचलेला, मधे परमेश्वर, ओढणीसारख्या साडीच्या तुकड्यानं अक्काच्या कमरेला बांधलेला, आणि मागं कासाबाई, त्याला दोन्ही दंडांत धरून, मधूनच एक हात बाहेर काढून डावं-उजवं दाखवणारी. जाकीट तिघांच्याही अंगात. (तिसरं जादा घ्यायचं अक्कानंच ठरवलं होतं, दोन रात्री त्याची उशी झाली.) सामान सगळं मागं सोडलेलं. वाऱ्यानं पाणी ढेकळासारखं उठलेलं, आणि त्यातून ती स्कूटर बैलगाडीच्या चालीनं येत होती. मुक्कामापासून दोन अडीच तास ती अशीच आली. एकदाही घाई नाही. मी एकतीस वर्षांत बरेच ड्रायव्हर पाहिले. असा नाही पाहिला.

काठ हाताशी आला आणि मशीननं पाणवेल ओढून घेतली. पोटात गवत अडकलं की इंजिन नुसतं गुरगुरतं, पुढं जात नाही. वारा त्यांना हळूहळू भिंतीच्या दगडांकडं न्यायला लागला, म्हणजे साहेबांनी लाल रेघ मारली होती त्या बाजूला. मासेवाल्यांच्या होड्या सगळ्या लांब गेलेल्या. तेव्हा काठावरचं कुणीतरी दोर घेऊन पाण्यात शिरलं, त्यांच्यापर्यंत पोचवला, आणि बाकीच्यांनी तिघांना ओढून घेतलं. परमेश्वराला जिंतूरला दवाखान्यात नेलं. तिथं तिसऱ्या दिवशी खडा आपोआप पडला, तुरीच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता. कासाबाईला आम्ही परत पोचवायला गेलो तर ती म्हणाली, पुढच्या पाव्हण्यांना वाट मीच दाखवीन, दुसऱ्याला सांगू नका. आता परमेश्वराच्या वहीत पहिलं नाव तिचं आहे. परमेश्वर माझ्याशी थेट बोलायला लागलाय, कारण मला नीटसं कळलेलं नाही. भरतीच्या फॉर्मचा विषय मी काढलेला नाही.

अक्काच्या अंगावर एक ओरखडा नाही. उन्हानं नाक तेवढं सोललंय. तिला तुम्ही बोलू नये, ही विनंती नाही; बोलू शकाल असं मला वाटत नाही.

आपला धाकटा,
बन्सीधर

ता. क. : पाकिटात एक कागद आहे. राहिलेले दोन मुक्काम बघायला सोमवारी पुन्हा निघायचं ठरलंय. परमेश्वरानं आता नियम केलाय की साठीच्या पुढच्या माणसाला घरच्याची लेखी संमती लागेल. पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही करावी आणि कागद त्याच कंडक्टरकडं द्यावा. वरचं सगळं पत्र याचसाठी लिहिलं, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. दिवाळीच्या आत अक्का घरी येईल, फराळाचं टेन्शन घेऊ नये.

ता. क. २ : पत्र चिकटवायच्या आत अक्कानं मागून घेतलं. खालचं अक्षर तिचं आहे. तिनं काय लिहिलंय ते मला वाचू दिलेलं नाही.

आवो, मी लिहायलेय. बन्सीनं माझं लय कवतिक केलंय, त्यातलं निम्मं काढून टाका. पण एक गोष्ट त्यानं दाबली. दोर घेऊन शिरलं ते 'कुणीतरी' म्हंजे त्योच. ल्हानपणी हिरीत पडल्यापास्नं घोट्याच्या वर पाणी लागू देत न्हाई त्यो, तुमाला ठावं हाय. त्या दिशी गळ्यापर्यंत आला, चष्म्यासकट, डोळे मिटून. मी वरडून वरडून सांगायले, बन्सी डावीकडं, बन्सी उजवीकडं. पोरगं कळा सोसायलं हुतं तरी बापाकडंच बघत ऱ्हायलं. आता दोघं बाहीर मशीन पुसायलेत, सकाळपास्नं तिसऱ्यांदा.

पाकिटात एक न्हाई, दोन कागद हायत. एक माझा, त्याच्यावर तुमी सही करा. दुसरा तुमच्या नावाचा हाय, त्याच्यावर घरच्या मानसाची सही मी करून टाकलीय. सोमवारी येताना धोतर नगं, पायजमा घाला.