उलटा आणि गुणा

३ डिसेंबर, मंगळवार
आज निंबोल्याच्या शाळेत पाऊल टाकलं आणि स्टाफरूममध्ये कोण बसलंय? चौधरी सर. तेच! केस पांढरे, चष्मा जाड, पण कानावर खडू ठेवायची सवय तीच. बडे सर, म्हणजे इथले हेडमास्तर, म्हणाले, "मॅडम, हे आमचे सगळ्यात सीनियर, गणितवाले. लवकरच रिटायर होताहेत." चौ. सरांनी उठून नमस्कार केला. मला! "या मॅडम, बसा." ओळखलं नाही. मीपण हसून नमस्कार केला. 
मी जनशिक्षक. या भागातल्या शाळांचे पाठ बघायचे आणि मास्तरांना सुधारायचं, हेच माझं काम. म्हणजे यांचाही पाठ मी बघणार. बघतेच आता.

४ डिसें.
ह्यांना सांगितलं. तर म्हणे, "कोण चौधरी?" घ्या! लग्नाला एवढी वर्षं झाली, शंभरदा सांगून झालं.
परत सांगितलं. माझ्या माहेरची, दापोऱ्याची शाळा, सातवी. फळ्याशी चौधरी सर, अपूर्णांकांचा भागाकार. दुसरा अपूर्णांक उलटा आणि गुणा, उलटा आणि गुणा, सगळा वर्ग घोकतोय. मी हात वर केला. "सर, पण उलटायचं का?" बस, एवढंच. गालावर अशी बसली की संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. वर म्हणाले, "क्यूँ? क्यूँ? बडी आली क्यूँ-क्यूँ करणारी!" वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून लग्न होऊन बुऱ्हाणपूरला येईपर्यंत दापोऱ्यात माझं नाव क्यूँक्यूँ. दळण आणायला गेलं तरी क्यूँक्यूँ. सख्ख्या भावाचे दोस्तसुद्धा. दहावीनंतर गणित घ्यायची छातीच झाली नाही. पुढे शिकले ते लग्नानंतर, पोरीला मांडीवर थोपटत, एकटीने.
हे म्हणाले, "सोड ना आता. म्हातारा झाला तो."
म्हातारा झाला म्हणून सुटला का?

७ डिसें., शनि.
सुचलं! भाजी चिरता चिरता सुचलं.
भोपाळच्या ट्रेनिंगमध्ये जपानच्या वर्गांचे व्हिडिओ दाखवले होते. तिकडे सगळे मास्तर मिळून एक पाठ ठरवतात. एक जण शिकवतो. बाकीचे मागे बसतात, तोंड बंद. प्रत्येकाने एकेका पोराकडे बघायचं, ते कुठे अडलं, काय खोडलं. मग सगळे बसून बोलतात, स्पष्ट. तासभर एकच गणित, आणि फळा पुसायचा नाही, पोरांना आपला रस्ता दिसत राहिला पाहिजे. मला तेव्हाच फार आवडलं होतं. आपल्या शाळांत हे आणायचंच, असं ठरवूनच परत आले होते.
तर आता आणते. पहिला खुला पाठ निंबोल्यात. चौधरी सरांचा.
जपानात म्हणे टीका कोणी मनाला लावून घेत नाही. इकडे लावून घेतील. घेऊ देत, मला तेच पाहिजे.

९ डिसें., सोम.
पाठ ठरवायची बैठक. चौ. सर म्हणाले, "मी टक्केवारी घेतो, हात बसलेला आहे." मी गोड आवाजात म्हटलं, "नको सर, अपूर्णांकांचा भागाकार घ्या. आणि मुलांनी 'का' विचारलं पाहिजे हं. जपानी पद्धतीत तेच मुख्य."
"ठीक आहे, मॅडम."
भुवईसुद्धा हलली नाही. म्हणजे काहीच आठवत नाही? का नाटक?
गणित मीच दिलं. केळीच्या झाडांना बांधायला सहा मीटर सुतळी आहे, पाऊण-पाऊण मीटरचे तुकडे किती होतील? इथल्या पोरांच्या रोजच्या हातातली वस्तू. गणित खरंच चांगलं आहे. सूड घेतेय म्हणून पोरांना वाईट गणित थोडंच देईन?

१२ डिसें., गुरु.
झालं. सविस्तर लिहिते, परत परत वाचायला.
आजूबाजूच्या शाळांतले गणिताचे मास्तर आले होते. मागच्या भिंतीला खुर्च्या. मी रोशनी नावाच्या पोरीच्या पाठीशी बसले. दोन वेण्या, पेन्सिल चावते.
सरांनी गणित लिहिलं, पोरांना श्वास घ्यायला वेळ दिला नाही, स्वतःच सोडवलं. उलटा आणि गुणा. चोवीस भागिले तीन, आठ. तळहाताने फळा पुसला. पुसू नका म्हणून सांगितलं होतं ना? पुसलाच! इकडे रोशनीने वहीत लांब रेघ ओढली होती. तिचे पाव-पाव मीटरचे भाग पाडले, तीन-तीन भागांना गोल केले, मोजले. आठ. मग फळ्याकडे बघितलं आणि उभी राहिली.
"सर, माझे न उलटताच आठ आले. मग उलटायचं कशाला?"
मी तिला काही शिकवलं नव्हतं. देवाशप्पथ.
सरांच्या हातातला खडू तसाच. "वो... नियम आहे ना बेटा." मग मागे बघितलं, आमच्याकडे. सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या. मी घातली नाही. सरळ डोळ्यांत बघत राहिले. हाय, काय सुख!
मग चर्चा. बडे सरांनी आधीच शाल-श्रीफळ आणून ठेवलेलं, टेबलावर मावा जलेबी. आपल्याकडे चर्चा म्हणजे सत्कार! "बहुत बढिया पाठ झाला," बडे सर. "बढिया," दुसरे. "खूपच छान," तिसरे. शाल उचलली तेवढ्यात मी म्हटलं, शाल ठेवा खाली. आणि बोलले. वेळ दिला नाही. फळा पुसला. पोरीने डोकं चालवलं, तिला नियम दाखवून गप्प केलं. "आणि सगळ्यात मोठं म्हणजे, का उलटायचं हे सरांना स्वतःलाच माहीत नाही. अख्खी नौकरी शिकवत आले, माहीत नाही."
 चौ. सर खाली मान घालून सगळं लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम बरोबर बोलल्या."
जलेबीला कोणी हात लावला नाही. मी दोन खाल्ल्या.

१३ डिसें.
बडे सरांचा फोन. "मॅडम, ज़रा ज़्यादाच झालं. बुजुर्ग माणूस."
काल वाटलं होतं तसं आज वाटत नाहीये. हवा निघून गेली. आधी वाटलं जलेबी बाधली. पण ते नाही. मार कुणी दिला, कशाबद्दल दिला, हेच त्याला कळलं नाही, तर तो कसला सूड? त्यांच्या लेखी मी कोणी कडक मॅडम. भोपाळहून शिकून आलेली.
आणि वर "बरोबर बोलल्या"! संताप संताप झाला.

१७ डिसें., मंगळ.
दुपारी दार वाजलं. चौ. सर! हातात शेतातल्या केळ्यांची फणी.
"मॅडम, ते उलटायचं का, हे मला शिकवाल? सातवी ब वर पाठ परत घ्यायचाय. तुमच्याच पद्धतीत आहे ना, सुधारून परत घ्यायचा?"
आहे. मीच सांगितलं होतं. तरी मुद्दाम बसवून ठेवलं. कपडे वाळत घातले, कुकर लावला, मग बाहेर आले. सुतळी घेतली. एका मीटरमध्ये पाव मीटर किती? "चार." सहा मीटरमध्ये? "चोवीस." पाऊण म्हणजे तीन पाव, तर तीन-तीनचे गट पाडा. म्हणजे आधी चाराने गुणलं, मग तिनाने भागलं. तेच तुमचं उलटणं. समजलं? "नाही." परत. समजलं? "थोडं." परत! मला थकवा नव्हता. त्यांच्या तोंडून "नाही" ऐकायला किती गोड लागतं.
तिसऱ्यांदा सुतळी त्यांनी स्वतः धरली. आणि चेहराच बदलला. "अरे! हे एवढंच? अरे वा!" हसले. पोरासारखे. मग म्हणाले, "काय सांगू मॅडम, त्या रोशनीच्या आधी पूर्ण नौकरीत हा प्रश्न मला कधी कुणी विचारलाच नाही."
डोक्यात तिडीक गेली. "मी विचारला होता."
"कधी?"
सांगितलं. दापोरा, सातवी, थप्पड, क्यूँक्यूँ, सगळं. एका दमात. आवाज चढला, शेजारीण गॅलरीत आली.
सर सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाले, "आठवत नाही मॅडम. खोटं कसं बोलू? मी तर सगळ्यांनाच मारायचो." मग हात जोडले. "माफ करा."
"इथे नको," मी म्हटलं. "माझ्या घरात, बंद दारामागे, नको. मला मारलं ते सगळ्यांसमोर. माफीपण तिथेच. सगळ्या मास्तरांसमोर, पोरांसमोर."
सर उठले. चपला घातल्या आणि गेले. केळी घेऊन जा म्हटलं, ठेवून गेले.

२० डिसें., शुक्र.
बडे सरांचा मेसेज. दुसरा पाठ सोमवारी, सातवी ब, सगळ्या मास्तरांना बोलावणं. चौ. सरांनीच मागून घेतला म्हणे.
माफी मागणार की नुसताच पाठ घेणार? घाबरून बदलतील. बदलले तर परत बोलेन. या वेळी दापोऱ्याचं नाव घेऊन बोलेन.

२२ डिसें., रवि.
सकाळी दहाला चौ. सरांचा मेसेज. तसाच उतरवते:
"मॅडम, उद्या पाठ सुरू करण्याआधी सांगणार आहे. एक मुलगी होती असं म्हटलं तर ती कोणीही असू शकते, मग त्या माफीला अर्थ नाही. म्हणून नाव घेऊन सांगतो. तुमचं माहेरचं नाव काय होतं? आणि वर्गात मी तुम्हाला काय म्हणालो, ते लिहून पाठवा. जसंच्या तसं सांगीन."
माझ्या समोर रडले होते, हात जोडले होते, तर माझं माहेरचं नावसुद्धा माहीत नव्हतं! नाही, रडले नव्हते. उगाच कशाला लिहू. हात जोडले होते.
ह्यांना वाचून दाखवलं. "मग? हेच तर पाहिजे होतं तुला."
हो. हेच पाहिजे होतं.
पण सोमवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या मास्तरांच्या ग्रुपवर जाईल. शाळेच्या फाटकात स्कूटी उभी करताना मागून कोणी हळूच म्हणेल, क्यूँक्यूँ आली. सातवी ब पण हसेल. पोरं आहेत, हसणारच. आणि ते नाव मी माझ्या हाताने लिहून द्यायचं. दापोऱ्यात सोडून आले होते ते.
न लिहावं तर उद्या ते "एक मुलगी होती" म्हणतील, सगळे "बढिया" म्हणतील, शाल निघेल.
दुपारचे दोन. माहेरचं नाव लिहून झालंय. पुढचं लिहिते, पुसते, लिहिते. वर सरांच्या नावाखाली ऑनलाइन दिसतंय. माणूस वाट बघत बसलाय.